नाग गटाची ढाल

ऋषिकेश उमाठे आमच्या शाळेत रुजू झाला, त्या दिवशी मी त्याला माझ्या डब्यातली एक पोळी आणि निम्मी भाजी दिली होती. नवीन पोरगा आहे, डबा आणला नसेल, म्हणून. ती पोळी मला पुढे सहा महिने बोचत राहिली.

मी जयवंता भोयर. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागं आमची शाळा आहे, तिथं सव्वीस वर्षं मराठी शिकवते. आठवीची वर्गशिक्षिका. सकाळचा परिपाठ माझा, गॅदरिंग माझं, शिक्षकदिनाला सगळ्यात जास्त गुलाब माझ्या टेबलावर. हे मी मिरवत नव्हते, पण मोजत होते. आता कबूल करायला काय हरकत आहे?

शाळा पूर्वीची राहिली नव्हती, हेही खरं. एके काळी अकराशे पोरं होती, आता जेमतेम तीनशे. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याची रवानगी कुठल्या तरी लांबच्या शाळेत होते. म्हणून आम्ही सगळे मास्तर-मास्तरणी दर मे महिन्यात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, दारोदार पोरं शोधत फिरतो. "तुमचा मुलगा आमच्याकडे टाका" असं म्हणत. या मे महिन्यात मी कन्हान गावापर्यंत गेले होते. तिथं कामिनी नावाची बाई भेटली. ती रोज बसनं जरीपटक्याला येते, बाजारात चादरींच्या दुकानात कामाला आहे. तिची मुलगी सोनिका सातवी पास झाली होती. मी कामिनीला म्हटलं, "सकाळी तुमच्यासोबत आणा, संध्याकाळी सोबत न्या. मी आहे न तिथं. माझ्या वर्गात राहील."

सोनिका जुलैत आली, पण तिचा दाखला आला नाही. जुनी शाळा देईना, कारण एक दाखला दिला की त्यांचा पट एकानं कमी होतो. मी त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. मग मुख्याध्यापक मेश्राम सर म्हणाले, "बसू द्या तिले वर्गात. कायदा आपल्या बाजूनं आहे, दाखल्यासाठी पोराले अडवता येत नाही. दाखला येईल तवा येईल." म्हणून सोनिका रोज यायची, माझ्या वर्गात बसायची, फक्त पटावर तिचं नाव चढलेलं नव्हतं.

आता ऋषिकेशबद्दल. वय एकोणतीस, शर्ट खोचलेला नाही, मोटरसायकल धुतलेली नाही, शिकवायला विज्ञान. पहिल्याच आठवड्यात तो मेश्राम सरांकडे गेला आणि म्हणाला, "सर, आपल्या पोरायले ही शाळा आपली वाटतच नाही. सुटी झाली की गेटातून अशी पळतात, जशी काही आग लागली." मी तिथंच बसले होते. सव्वीस वर्षं मी इथं काय केलं मग? पोरांना पळायला शिकवलं? तोंडावर मी हसले, पण आतून जी जळजळ सुरू झाली ती काही थांबली नाही.

त्यानं शाळेचे चार गट पाडले. पाचवी ते दहावी सगळ्या वर्गांतली पोरं चारही गटांत मिसळून टाकली आणि गटांना नद्यांची नावं दिली: कन्हान, पेंच, वैनगंगा आणि नाग. प्रत्येक गटाला एक शिक्षक. चिठ्ठ्या टाकल्या. सोनिका ज्या गटात गेली तो कन्हान गट ऋषिकेशकडे गेला. पोरगी खूश झाली, गावाचंच नाव मिळालं म्हणून. माझ्या चिठ्ठीत काय निघालं? नाग.

नागपुरात राहणाऱ्याला नाग नदीबद्दल वेगळं सांगायला नको. पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो. स्टाफरूममध्ये सगळे खो-खो हसले. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर ताराचंदनं पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "काहून वं, एवढं तोंड पाडून राहिली? चिठ्ठीत निघालं न?"

"चिठ्ठ्या त्यानंच लिहिल्या होत्या," मी म्हटलं.

"मंग त्यानं मुद्दाम केलं असं म्हणून राहिली तू?"

मी तसंच म्हणत होते, आणि मला ठाऊक होतं की ते खोटं आहे. चिठ्ठी मी माझ्या हातानं उचलली होती.

जुलै-ऑगस्टमध्ये त्या पोरानं शाळेत काय काय आणलं ते सांगते. गटातली मोठी पोरं लहानांची ताई-दादा झाली. दुपारची खिचडी वर्गावार खायची ती गटावार खाऊ लागली, त्यामुळे दहावीचा दांडगा पाचवीतल्या पोराला "अजून घे गा" म्हणताना दिसू लागला. मागची भिंत, जिच्यावरून पोरं उडी मारून पळायची, ती त्यानं पोरांकडूनच रंगवून घेतली. आपण रंगवलेल्या भिंतीवर बूट कोण ठेवणार? दर शनिवारी एक जुना विद्यार्थी बोलवायचा. टायरचं दुकान असलेला आला, नर्स झालेली आली. ती नर्स माझी विद्यार्थिनी होती. बोलून झाल्यावर ती माझ्या पाया पडली आणि मग ऋषिकेशला म्हणाली, "आमच्या वेळेस तुमच्यासारखे सर असते तर किती मजा आली असती." माझ्यासमोर म्हणाली. पाया पडून उठल्याउठल्या.

आणि त्याचा सगळ्यात जालीम नियम हा: गटातलं कोणी दोन दिवस आलं नाही, तर गटातल्या पोरांनी त्याच्या घरी जायचं आणि का आला नाही ते विचारायचं. तो आला की गटाला गुण. न गेलं तर गुण कापले. हे गुण लाल-निळ्या खडूंनी व्हरांड्यातल्या फळ्यावर. डिसेंबरात गॅदरिंगच्या दिवशी ज्याचे गुण जास्त त्याला फिरती ढाल.

मला वाटलं होतं, चार दिवसांची हौस आहे. पण हजेरी मी घेते. माझ्या वर्गात रोज दहा-बारा पोरं गायब असायची. सप्टेंबरात ती तीनवर आली. जी पोरं शेवटच्या बाकावर झोपायची ती शेवटच्या तासाला जागी राहू लागली, कारण त्यानंतर गटाचा सराव असायचा. गणितात ढ असलेल्या पोराला गटातली पोरं गणित शिकवू लागली, का, तर नापास झाला तर गटाचे गुण जातात. हे सगळं मला दिसत होतं. मला ते बघून आनंद व्हायला हवा होता. मला झाला नाही. पोरं सुधारत होती आणि ती माझ्यामुळे सुधारत नव्हती, एवढंच मला दिसायचं.

शिक्षकदिनाला माझ्या टेबलावर चार गुलाब होते. त्याच्या दारात रांग होती.

त्या दिवशी मी ठरवलं की त्याची ढाल त्याच्याच हातून काढून घ्यायची.

माझा गट म्हणजे सगळं उरलंसुरलं. आपण गटारात पडलो असं पोरंही म्हणायची. गटप्रमुख साहिल, नववीचा, शाळेतला अर्धा वेळ वर्गाबाहेर उभा असणारा. मी त्या सत्तर-पंचाहत्तर पोरांना मैदानावर बसवलं आणि विचारलं, "सांगा, हे शहर कोणाच्या नावानं आहे?"

"नागपूर," साहिल म्हणाला.

"मग कन्हानपूर ऐकलं काय कधी? पेंचपूर? वैनगंगापूर?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग साहिलचे डोळे असे चमकले, की मी त्या पोराला पहिल्यांदाच बघते आहे असं मला वाटलं. तो उठून ओरडला, "नागपूर कोणाचं?" आणि बाकीच्यांनी छातीवर हात मारून सांगितलं, "नागचं!"

दुसऱ्या दिवशी परिपाठाला ही आरोळी घुमली तेव्हा बाकीच्या तीन गटांची तोंडं बंद झाली. ऋषिकेश हसत हसत माझ्याकडे आला. "मॅडम, जबरदस्त. हे मले सुचलंच नसतं." त्याला खरंच आवडलं होतं, आणि मला त्याचाही राग आला. त्याला वाईट वाटायला हवं होतं.

पुढचे तीन महिने मी जे राबले ते माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीही राबले नव्हते. सकाळी शाळेआधी रिलेचा सराव, दुपारी निबंध, सुटीनंतर समूहगान. साहिलच्या घरी मी स्वतः गेले, त्याच्या बापाशी बोलले. पाचवीतली एक पोर आजारी पडली तर गटातली नऊ पोरं तिच्या खाटेभोवती बसून गृहपाठ करत होती. पोरं मला बिलगू लागली. मयुरा म्हणून नववीतली माझी धावपटू, ती एकदा म्हणाली, "मॅडम, तुम्ही आधी अशा काहून नव्हत्या?" मी तिला काय सांगणार? ऋषिकेश सरांवर जळते म्हणून मी अशी झाले, हे सांगण्यासारखं नव्हतं.

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी शेवटच्या स्पर्धा होत्या. मैदानावर आईबाप आले होते, कामिनीसुद्धा दुकानातून दोन तासांची सुटी काढून आली होती. फळ्यावर कन्हान आणि नाग यांचे गुण सारखे. शेवटची स्पर्धा मुलींची रिले. जी जिंकेल तिच्या गटाला ढाल.

माझ्याकडून शेवटी धावणार होती मयुरा. कन्हानकडून सोनिका. मयुराच्या हातात बॅटन आधी आलं, चांगली दहा पावलं पुढं होती. मी ओरडत होते, माझा गट ओरडत होता, "नागपूर कोणाचं!" आणि ती कन्हानची काटकुळी पोरगी, अनवाणी, मागून आली. शेवटच्या वळणावर तिनं मयुराला गाठलं आणि दोरी तोडली. कन्हानच्या पोरांनी तिला खांद्यावर उचललं. ऋषिकेश लहान पोरासारखा उड्या मारत होता. कामिनी तोंडाला पदर लावून रडत होती. मेश्राम सरांनी ढाल हातात घेतली.

स्पर्धेचे नियम मीच लिहून काढले होते, माझं अक्षर चांगलं म्हणून. जिल्हा स्पर्धेच्या कागदावरून उतरवले होते. त्यातला तिसरा नियम असा होता की स्पर्धेत फक्त पटावरचे विद्यार्थी भाग घेतील. लिहिताना सोनिका माझ्या मनातही आली नव्हती. पण त्या क्षणी, ऋषिकेशला उड्या मारताना बघून, आली.

मी मंचावर गेले. सूत्रसंचालन माझ्याकडेच होतं, माइक समोरच होता. मी म्हटलं, "सर, एक हरकत आहे. सोनिकाचं नाव पटावर नाही. ती आपल्या शाळेची विद्यार्थिनी नाही."

माइक चालू होता. सगळ्या मैदानानं ते ऐकलं. पोरांनी तिला खांद्यावरून खाली उतरवलं. कोणी सांगितलं नाही, आपोआप उतरवलं. ऋषिकेश मंचाजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे नका करू. ढाल पाहिजे तर घेऊन जा, पण असं म्हणू नका."

"नियम आहे," मी म्हटलं.

मेश्राम सरांनी नियमाचा कागद बघितला. आईबाप बघत होते, माझं अक्षर होतं, खाली त्यांचीच सही होती. ते म्हणाले, "नियम तर आहे." आणि ढाल नाग गटाला दिली.

साहिलनं ढाल घेतली. माझी पोरं ओरडली, पण त्यात पूर्वीचा दम नव्हता. मी गर्दीत सोनिकाला शोधलं. ती आणि तिची आई गेटाबाहेर पडताना पाठमोऱ्या दिसल्या. मला वाटलं, पोरगी आहे, दोन दिवस रुसेल.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी परिपाठाला गटांकडे बघत होते. दोन दिवस झाले होते, आता कन्हानची पोरं तिच्याकडे जातील, म्हणजे माझ्यावर काही येणार नाही. पण मधल्या सुटीत साहिल माझ्याकडे आला. ढाल माझ्या आठवीच्या वर्गात खिळ्याला लावली होती; तो तिच्याकडे न बघता उभा राहिला.

"मॅडम, सोनिकाले आणाले कोण जाईल?"

"कन्हानवाले जातील न."

"ते म्हणतात ती आता त्यायच्या गटाची नाही. तुम्हीच तर सांगितलं, ती शाळेचीच नाही म्हणून. मंग ती कोणाची आहे?"

मला राग आला. लहान तोंडी मोठा घास म्हणतात तो हाच, असं काहीतरी मी पुटपुटले आणि त्याला हाकललं. पण प्रश्न तिथंच राहिला. जुन्या शाळेत ती जात नव्हती. आमच्या शाळेनं माइकवर नाकारली होती. चांगली आठवीत शिकणारी, अक्षर मोत्यासारखं असलेली पोरगी माझ्या एका वाक्यानं कुठल्याच शाळेची उरली नव्हती. आणि मी, दर उन्हाळ्यात एकेका पोरासाठी पायऱ्या झिजवणारी, ती पोरगी मी स्वतः कन्हानहून आणली होती.

त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये ऋषिकेश माझ्याशी नेहमीसारखाच बोलला. चहा आला की माझ्याकडे कप सरकवायचा. तो भांडला असता तर बरं झालं असतं. मी चार गोष्टी ऐकवल्या असत्या आणि मोकळी झाले असते. शुक्रवारी मी त्याला विचारलं, "सोनिकाचं काही कळलं काय?"

तो म्हणाला, "दुकानात बसते आईसोबत. चादरींच्या घड्या घालते."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी बाजारात गेले. दुकान शोधायला वेळ लागला नाही. सोनिका आतल्या बाजूला जमिनीवर बसली होती, गुडघ्यांवर निळी चादर, कोपऱ्याला कोपरा जुळवत होती. कामिनीनं मला पाहिलं आणि ग्राहकाला सोडून पुढं आली.

"या न मॅडम," ती म्हणाली. आवाज ताठ होता. "चादर पाहिजे काय?"

"कामिनीताई, मी सोनिकाला न्यायला आले."

"तुम्हीच तर नेली होती मे महिन्यात. माह्या घरी येऊन, पाणी पिऊन नेली होती. आणि तुम्हीच सगळ्यायसमोर बाहेर काढली." तिचा आवाज चढला. शेजारच्या दुकानदारानं मान वळवली. "नसती शिकली तर नसती शिकली. पण पळून पहिली आली म्हणून कोणी पोरीले असं म्हणते काय?"

मी आत गेले आणि सोनिकासमोर बसले, जमिनीवरच. गुडघे दुखतात माझे, पण बसले. "सोनिका, शाळेत ये."

तिनं चादर बाजूला ठेवली नाही. "कोणत्या शाळेत, मॅडम?"

"आपल्या."

"दाखला आला काय माह्या?"

"नाही आला. पण त्याच्याशिवायही तू आपल्याच शाळेची आहेस. कायदाच आहे तसा. मला तेव्हाही ठाऊक होतं."

"मंग तुम्ही तसं काहून म्हटलं?"

मी तिला सांगू शकले असते की नियम होता, की रागाच्या भरात तोंडातून निघालं. चौदा वर्षांची पोरगी मान वर करून माझ्याकडे बघत होती आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "उमाठे सरांचा गट जिंकलेला मला बघवला नाही. म्हणून."

तिनं निळ्या चादरीची घडी पुरी केली. मग म्हणाली, "उमाठे सर तीनदा येऊन गेले इथं. मी नाही म्हटलं त्यायले. मी म्हटलं, ज्यायनं काढलं त्यायनं बोलावलं तर येईन. ते म्हणाले, मॅडम येतील, तू थांब."

खरं सांगते, पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं? की इथंही तो माझ्या आधी पोहोचला. तीनदा. आणि वर मी येईन याची खात्री देऊन गेला, जी मला स्वतःलाही नव्हती. माझ्यातली जळकी बाई तिथं चादरींच्या ढिगाऱ्यातही गप्प बसली नाही. मग मला माझीच लाज वाटली.

"मग येशील?" मी विचारलं.

"तुम्ही माइकवर सांगितलं होतं," सोनिका म्हणाली. "मंग माइकवरच सांगा."

कामिनी दारातून म्हणाली, "आणि मी पण ऐकाले येईन."

त्या रात्री मी ताराचंदला सगळं सांगितलं. त्यानं या वेळी पेपर खाली ठेवला. "सांगून टाक," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं पोरायले सांगून राहिली न खरं बोला म्हणून." मी त्याला म्हटलं, तुला काय जातंय सांगायला. तीनशे पोरांसमोर, सगळ्या स्टाफसमोर, त्या पोरासमोर मला बोलायचंय. झोप काही आली नाही.

सोमवारी परिपाठाला चारही गट रांगेत उभे होते. गेटापाशी कामिनी आणि सोनिका थांबल्या होत्या, आत आल्या नव्हत्या. शिपाई त्यांना या, या करत होता, पण त्या हलल्या नाहीत. मी माइक हातात घेतला. रोज घेते, पण त्या दिवशी जड लागला.

"गॅदरिंगच्या दिवशी मी इथून एक गोष्ट सांगितली होती," मी म्हटलं. "सोनिका आपल्या शाळेची नाही, असं. ते खोटं होतं. दाखला नसला तरी मूल शाळेचंच असतं, हे मला माहीत होतं. तरी मी बोलले. कन्हान गट जिंकला, ऋषिकेश सरांचा गट जिंकला, ते मला सहन झालं नाही. मी जळले, म्हणून बोलले. सोनिका धावली आणि न्यायानं जिंकली. ढाल कन्हानची आहे. सोनिका, तू या शाळेची आहेस. आत ये."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते बरंच झालं. पाचवीच्या रांगेत कोणीतरी खोकलं. मेश्राम सर जमिनीकडे बघत होते. ऋषिकेशकडे बघायची हिंमत मला झाली नाही.

साहिल न सांगता वर्गात गेला आणि ढाल घेऊन आला. मयुरानं दुसरी बाजू धरली. दोघांनी ती कन्हानच्या रांगेपुढं नेऊन ठेवली आणि दोघं परत फिरली. माझ्याजवळून जाताना साहिल कानाशी म्हणाला, "पुढच्या वर्षी पाहू, मॅडम." मी मान हलवली. हे पोर सहा महिन्यांपूर्वी वर्गाबाहेर उभं असायचं, आणि आज त्याच्याकडे बघून मला ताठ उभं राहता येत होतं.

गेटातून कामिनी ओरडली, "मॅडम, आता कोणी काढणार नाही न तिले?"

"नाही," मी म्हटलं. माइकवरच म्हटलं.

मग सोनिका आत आली. मैदान ओलांडून, माझ्या अगदी जवळून गेली. मला वाटलं थांबेल, निदान बघेल. ती थांबली नाही. कन्हानच्या रांगेत दोन पोरींनी सरकून तिला जागा दिली आणि ती तिथं, ऋषिकेशच्या समोर, उभी राहिली. त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि ती हसली.

मला हेवा वाटला, पुन्हा, तोच जुना, छातीत पेटणारा. पण या खेपेला मला ढाल नको होती, गुलाब नको होते, त्याची जागाही नको होती. ती माझ्याकडे बघून तशी हसली असती तर पुरे होतं. मे महिन्यात कन्हानला तिच्या दारात ती तशीच हसली होती, माझ्याकडे बघून, आणि तेव्हा ऋषिकेश उमाठे कोण हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.